रस्त्यावरचा खड्डा महापालिकेकडून बुजवून घेताना: पहिल्या तक्रारीपासून रोलर फिरेपर्यंत

आमच्या सोसायटीच्या फाटकापासून मुख्य रस्त्यापर्यंत जेमतेम तीनशे मीटरचा रस्ता आहे. त्यावर डेअरीसमोर एक खड्डा होता. शाळेच्या व्हॅनवाल्यापासून सिलिंडर आणणाऱ्यापर्यंत सगळ्यांना तो तोंडपाठ होता. एका जुलैत तो पाण्याने भरलेला असताना दुसऱ्या मजल्यावरच्या काकू स्कूटरसकट त्यात पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांना प्लास्टर घालून घरी आणलं त्याच संध्याकाळी मी ठरवलं, उद्या क्षेत्रीय कार्यालयात जायचं.

तिथल्या कनिष्ठ अभियंत्यांनी माझ्यासमोर तक्रारींची यादी उघडली. आमच्या रस्त्याच्या नावाने वर्षभरात एकही तक्रार नव्हती. चाळीस कुटुंबं रोज ज्या खड्ड्याबद्दल बोलत होती, तो दप्तरी नव्हताच. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कुणीतरी कळवलं असेल.

तिथून रस्ता नीट व्हायला चौदा महिने लागले. त्यातले निदान सहा महिने मला कुठे जायचं आणि काय मागायचं हेच ठाऊक नसल्यामुळे गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे. माझा अनुभव महाराष्ट्रातल्या एका महापालिकेचा आहे. तुम्ही नगरपालिकेच्या किंवा नगरपंचायतीच्या गावात राहत असाल तर आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी समजा, बाकी वाट साधारण हीच.

हाताशी एवढं ठेवा:

- तारीख आणि ठिकाण फोटोवर उमटवणारं कॅमेऱ्याचं अ‍ॅप असलेला मोबाइल
- पाच मीटरची मोजपट्टी, एक सरळ काठी, खडू
- मालमत्ता कराच्या पावतीची प्रत (तक्रारीला ती सक्तीची नाही, पण लेखी अर्जाला जोडली की तुम्ही त्याच भागातले हे सांगावं लागत नाही)
- दहा रुपयांचे चार-पाच कोर्ट फी स्टॅम्प
- एक वही आणि एक फाइल, फक्त या कामासाठी

१. रस्ता कुणाचा, हे आधी शोधा

शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नसतो. तो सार्वजनिक बांधकाम विभागाचा, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, एमएसआरडीसीचा (राज्य रस्ते विकास महामंडळ), एमआयडीसीचा, सिडकोचा किंवा कॅन्टोन्मेंटचा असू शकतो. मुंबईचे पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरपर्यंत एमएमआरडीएकडे (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) होते, मग ते महापालिकेकडे आले. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी कितीजणांना हे माहीत होतं? चुकीच्या कार्यालयात दिलेला अर्ज कुणी फाडत नाही, तो नुसता पडून राहतो.

महापालिकेच्या आतही वाटणी असते. बऱ्याच ठिकाणी रुंद रस्ते मुख्य पथ विभागाकडे आणि आतल्या गल्ल्या क्षेत्रीय किंवा प्रभाग कार्यालयाकडे असतात. मुंबईत वॉर्ड ऑफिस. रस्ता कुणाकडे आहे हे कनिष्ठ अभियंत्यांना विचारा आणि उत्तर वहीत तारखेसह लिहा.

इथला सगळ्यात मोठा सापळा नव्या वसाहतींचा आहे. बिल्डरने लेआउटमधला रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित केलेलाच नसतो. मग कितीही तक्रारी करा, उत्तर येतं, "हा रस्ता आमच्या ताब्यात नाही." असं असेल तर खड्ड्याआधी हस्तांतराचा पाठपुरावा करावा लागतो, आणि ती लढाई वेगळी आहे. सोसायटीच्या कंपाउंडच्या आतला रस्ता मात्र तुमचा तुम्हीच करायचा.

२. खड्ड्याची मोजदाद करा

"रस्त्याची चाळण झाली आहे" या वाक्यावर कुठलाही अभियंता अंदाजपत्रक बनवू शकत नाही. त्याला लांबी, रुंदी, खोली आणि जागा लागते.

रविवारी सकाळी सात वाजता आम्ही तिघी निघालो. एकीने गाड्यांकडे लक्ष ठेवायचं, एकीने मोजायचं, एकीने लिहायचं. हे तिघांचंच काम आहे, एकट्याने रस्त्यावर वाकून मोजायला जाऊ नका. खोली मोजायची युक्ती साधी आहे: खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकेल अशी सरळ काठी आडवी ठेवायची आणि काठीपासून तळापर्यंत पट्टी सोडायची. आम्ही पडद्याची काठी नेली होती. डेअरीसमोरचा खड्डा सव्वा मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि अठरा सेंटिमीटर खोल निघाला. तळाशी डांबराचा मागमूस नव्हता, नुसता मुरूम आणि त्यात रुतलेला पेव्हर ब्लॉकचा तुकडा.

प्रत्येक खड्ड्याला नंबर द्या. जागा सांगताना जवळच्या विजेच्या खांबावर रंगवलेला क्रमांक लिहा. "डेअरीसमोर" हे तुम्हाला कळतं, खांबाचा क्रमांक कार्यालयाला कळतो. फोटो तीन घ्या: एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा खांब दिसेल, एक जवळून, मोजपट्टीसह, आणि एक पाऊस पडून गेल्यावर, पाणी साचलेलं असताना.

तिसरा फोटो का, ते सांगते. खड्डा पाण्यामुळे पडतो. डांबराच्या भेगेतून पाणी खाली झिरपतं, खडी आणि डांबराची पकड सुटते, खालचा थर मऊ होतो आणि वरून चाक गेलं की तुकडा निघतो. म्हणून पाणी कुठून येतं आणि कुठे अडतं, हे खड्ड्याइतकंच नीट नोंदवा. गटाराची जाळी बुजली आहे का? चेंबरचं झाकण रस्त्यापेक्षा वर किंवा खाली आहे का? केबल, गॅस किंवा पाण्याच्या लाइनसाठी खोदलेली चर खड्ड्यांच्या रांगेतून जाते का? आमच्या अकरा खड्ड्यांपैकी सात एकाच सरळ रेषेत होते. ती केबलची चर होती. हा एक कागद पुढे आम्हाला फार उपयोगी पडला.

३. तक्रार नोंदवा आणि टोकन क्रमांक जपा

मुंबईत १९१६ हा क्रमांक आहे, राष्ट्रीय महामार्गांसाठी १०३३ आहे, आणि बहुतेक महापालिकांचं स्वतःचं अ‍ॅप किंवा संकेतस्थळ आहे. फोन केलात तरी टोकन क्रमांक मागून घ्या. नगरसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे. तो जरूर टाका, पण त्यासोबत टोकन क्रमांक टाका.

इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, सगळ्यांनी एकाच दिवशी एकच मजकूर पाठवणं. त्या तक्रारी एकत्र बांधून एक धरल्या जातात. त्यापेक्षा खड्डे वाटून घ्या. एका घराने एका खड्ड्याची तक्रार करायची, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शब्दांत.

दुसरी, "निराकरण झाले" असा निरोप आला की सोडून देणं. आमच्या अकरापैकी चार तक्रारी काहीच काम न होता बंद झाल्या. अशा वेळी त्याच दिवशी, त्याच जागेवरून, खांब दिसेल असा फोटो काढा, बंद झाल्याच्या निरोपाचा स्क्रीनशॉट घ्या आणि दोन्ही जोडून तक्रार पुन्हा उघडा. अ‍ॅपमध्ये ती सोय नसेल तर नवी तक्रार करा आणि जुना क्रमांक तिच्यात लिहा. काम न करता बंद केलेल्या तक्रारीचे हे दोन कागद पुढे वरिष्ठांसमोर ठेवता येतात, तेव्हा ते जपा.

तिसरी, फक्त अ‍ॅपवर विसंबणं. अ‍ॅपवरून एकेक खड्डा बुजतो, रस्ता दुरुस्त होत नाही. त्यासाठी कागद लागतो.

४. लेखी अर्ज द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका

अर्ज दोन प्रतींत. आवक विभागात एक द्यायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. "ठेवून जा, साहेब आले की देतो" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, "पोच दिलीत की जाते." मी पहिल्यांदा ठेवून आले होते. तो अर्ज नंतर कुणालाच सापडला नाही.

आम्ही दिलेल्या अर्जाचा गाभा असा होता, तुमच्या तपशिलांनी भरून घ्या:

"विषय: (ठिकाण) ते (ठिकाण) या रस्त्यावरील खड्डे व साचणारे पाणी यांबाबत.
महोदय, वरील रस्त्यावर दि. … रोजी आम्ही रहिवाशांनी मोजणी केली असता ११ खड्डे आढळले. खांब क्रमांक, मापे व छायाचित्रे सोबत जोडली आहेत. यांपैकी खड्डा क्र. ३ व ७ दुचाकीस्वारांसाठी धोकादायक असून दि. … रोजी अपघात झाला आहे. आधीच्या तक्रारींचे क्रमांक: …. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ च्या कलम ६३ नुसार सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. कृपया (१) धोकादायक खड्डे तातडीने बुजवावेत, (२) सात दिवसांत संयुक्त पाहणी ठेवावी, (३) कायमस्वरूपी दुरुस्तीचे वेळापत्रक लेखी कळवावे."

बृहन्मुंबईसाठी कायदा वेगळा आहे: मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८, कलम ६१. नगरपालिकांसाठी १९६५ चा नगरपरिषदांचा अधिनियम.

अर्जात मुंबई उच्च न्यायालयाचाही उल्लेख करा. न्यायालयाने २०१३ मध्ये स्वतःहून दाखल करून घेतलेल्या जनहित याचिकेत सुस्थितीतले रस्ते आणि पदपथ मिळणं हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या अधिकाराचा भाग मानला, २०१८ मध्ये सविस्तर निर्देश दिले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये आणखी कडक आदेश काढला: खड्डा निदर्शनास आणून दिल्यापासून ४८ तासांत त्याची दखल घेतली गेली पाहिजे. म्हणजेच तुमच्या पोचेवरची तारीख आणि टोकनची वेळ हाच त्या ४८ तासांचा आरंभ. पोचेचा मी एवढा आग्रह का धरते, ते आता लक्षात आलं असेल.

सह्या किती हव्यात? पन्नास पुरेत. पाचशे गोळा करण्यात महिना घालवू नका.

५. अभियंत्यांना रस्त्यावर आणा

सगळ्यात जास्त फरक या पायरीने पडला. कागदावर रस्ता म्हणजे एक ओळ असते. पाहणीत तो तीनशे मीटर चालावा लागतो.

कनिष्ठ अभियंत्यांशी बोलताना एक लक्षात ठेवा. त्यांच्याकडे एकट्याकडे बरेच रस्ते, गटारं, अतिक्रमणं आणि वरच्यांचे फोन असतात. निधी मंजूर करण्याचा अधिकार त्यांच्या हातात नसतो, पण प्रस्ताव त्यांच्याच टेबलावरून निघतो. पहिल्या बैठकीत आमच्यातले एक काका त्यांच्यावर फार ओरडले. पुढचे तीन आठवडे त्यांनी आमचा फोन उचलला नाही. दुसऱ्यांदा आम्ही दोघीच गेलो, मोजणीचा तक्ता पुढे ठेवला आणि म्हणालो, "साहेब, यात काही चुकलं असेल तर सांगा." त्यांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला आणि त्याच आठवड्यात आले.

पाऊस नुकताच थांबला होता. मी त्यांना डेअरीपाशी नेलं. गटाराची जाळी रस्त्यापेक्षा चार बोटं वर होती. पाणी जाळीपर्यंत जायचं, अडायचं आणि मागे फिरून खड्ड्यात उतरायचं. ते दोन मिनिटं नुसतं बघत राहिले. मग म्हणाले, "ताई, इथे डांबर कितीही ओता, ही जाळी खाली घेतल्याशिवाय टिकणार नाही." तोवर आम्ही फक्त खड्डे बुजवायला सांगत होतो. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक अर्जात पहिली मागणी जाळीची होती, डांबर नंतर.

पाहणीत ठरलेलं त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवा: कोण हजर होतं, काय दिसलं, कोणी काय करायचं मान्य केलं, कधीपर्यंत. शेवटी लिहा, "यात काही दुरुस्ती असल्यास कळवावे." दुरुस्ती सहसा येत नाही, आणि तुमचं टिपण फाइलला लागतं.

मागायचं काय, हे हंगामावर ठरतं. भर पावसात गरम डांबराचं काम होत नाही, तसा आग्रहही धरू नका, वाहून जाईल. तेव्हा कोल्ड मिक्सने (गरम न करता टाकायचं डांबर-खडीचं मिश्रण) किंवा तत्सम पद्धतीने तात्पुरती भर, आणि खोल खड्ड्याभोवती बॅरिकेड मागा. ऑक्टोबरपासून मे पर्यंत कायमस्वरूपी दुरुस्ती मागा. पावसाळ्यातली तात्पुरती भर पाहून "झालं काम" म्हणून फाइल मिटणं, हा सापळा फार जणांना अडकवतो. आम्हीही त्यात अडकलो. दिवाळीनंतर पाठपुरावाच केला नाही आणि पुढच्या जूनमध्ये खड्डा पुन्हा तिथेच.

६. रस्त्याचा जन्मदाखला काढा

प्रत्येक डांबरीकरणाच्या निविदेत दोष दायित्व कालावधी लिहिलेला असतो. त्या मुदतीत रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा असतो. तेव्हा "निधी नाही" हे उत्तर आलं की पहिला प्रश्न हा: हा रस्ता शेवटचा कधी झाला आणि त्याचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो?

हे कळण्याचे दोन मार्ग आहेत.

पहिला फुकट आहे आणि फार थोड्यांना माहीत आहे. राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयानुसार जिल्हास्तरीय कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. मी तीनदा गेले. पहिल्यांदा फाइल मिळाली नाही, दुसऱ्यांदा अधिकारी बैठकीला होते, तिसऱ्यांदा एका जाड फाइलमध्ये आमच्या रस्त्याचा कार्यारंभ आदेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायला सांगणारा कागद, सापडला. काम पूर्ण होऊन दोन वर्षं चार महिने झाले होते. दोष दायित्व कालावधी तीन वर्षं होता. म्हणजे आठ महिने शिल्लक होते, आणि याच रस्त्याच्या डागडुजीचा नवा खर्च प्रस्तावित होता.

दुसरा मार्ग माहितीच्या अधिकाराचा. २००५ च्या कायद्याखालचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, हे विसरू नका, यावरूनच कित्येक अर्ज परत येतात. "खड्डे का बुजवले नाहीत?" असं विचारू नका, कारण 'का'चं उत्तर देणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक नाही. कागद मागा:

"(रस्त्याचे नाव, पासून–पर्यंत), मागील पाच वर्षे. १) डांबरीकरण व दुरुस्तीच्या कामांचे कार्यारंभ आदेश. २) काम पूर्ण झाल्याचे दाखले व दोष दायित्व कालावधी संपण्याच्या तारखा. ३) मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने. ४) दिलेल्या खोदाई परवानग्या व त्यापोटी जमा शुल्क. ५) वरील अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी."

अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम आहे. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांच्या स्टॅम्पसह. त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, पण तिथे फार वेळ जातो. रस्त्याच्या कामात बहुतेकदा पहिल्या अपिलातच कागद हाती येतात.

आमच्याबाबतीत पुढे एक पेच आला. दोष दायित्वाची नोटीस गेल्यावर ठेकेदाराने उत्तर दिलं की रस्ता नंतर केबलसाठी खोदला गेला, ते नुकसान त्याचं नाही. मुद्दा खोटा नव्हता. तेव्हा आमचा पहिल्या रविवारचा तक्ता कामी आला: सात खड्डे चरीवर, चार चरीच्या बाहेर. चार ठेकेदाराच्या माथी. सात खड्ड्यांसाठी खोदाईच्या परवानगीपोटी महापालिकेकडे रस्ता पूर्ववत करण्याचे पैसे आधीच जमा होते. दोन्हीकडे जबाबदार कोण, हे कागदावर आलं आणि "निधी नाही" हे वाक्य त्यानंतर आम्हाला ऐकावं लागलं नाही.

७. तरीही हललं नाही तर

क्रम असा: कनिष्ठ अभियंता, उपअभियंता, कार्यकारी अभियंता, शहर अभियंता, आयुक्त. एक पायरी गाळून थेट आयुक्तांकडे गेलात तर अर्ज परत खालीच येतो, म्हणून प्रत्येक पायरीवर पंधरा दिवस द्या आणि आधीची पोच जोडा.

त्याबरोबरीने राज्याच्या "आपले सरकार" पोर्टलवर तक्रार करता येते. महिन्याच्या पहिल्या सोमवारी आयुक्तांच्या पातळीवर लोकशाही दिन असतो. त्याचा अर्ज पंधरा दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक लागते. "समस्त रहिवासी" असं लिहिलेलं निवेदन तिथे बाद होतं. आमच्या काकूंनी स्वतःच्या नावाने, स्वतःच्या अपघाताची तक्रार दिली, ती घेतली गेली.

नगरसेवकांना भेटा, पण हातात फाइल घेऊन. त्यांना प्रभाग समितीत प्रश्न विचारायला तयार कागद लागतात. अंदाजपत्रक बनण्याआधी, साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, संपूर्ण रस्त्याची मागणी नोंदवा. पुण्यात तर २००६-०७ पासून नागरिकांनी सुचवलेली कामं अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत आहे.

अगदी शेवटचा कायदेशीर उपाय म्हणजे सार्वजनिक उपद्रव दूर करण्यासाठी कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३३ होतं, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२ आहे. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी तुंबलेल्या गटारांसाठी हाच मार्ग धरला होता आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नगरपालिकेला स्पष्ट सांगितलं की पैसे नाहीत ही सबब कर्तव्य टाळण्यासाठी चालणार नाही. इथपर्यंत जाल तेव्हा वकिलांचा सल्ला घ्या.

खड्ड्यात झाड लावणं, रांगोळी काढणं याने फोटो छापून येतो. हरकत नाही, पण त्याच दिवशी टोकन क्रमांकही घ्या. रास्ता रोको मात्र करू नका. गुन्हे नोंदवले जातात, आणि अडकते ती रुग्णवाहिका. आणि कळवळून स्वतः डबर-माती टाकून खड्डा भरू नका. दोन पावसांत त्याचा चिखल होतो, गाड्या घसरतात, शिवाय ठेकेदाराला हात वर करायला कारण मिळतं.

८. काम सुरू झालं की तिथे उभे राहा

कामाची तारीख कळली की दोघांनी तरी हजर राहावं. इतक्या महिन्यांची मेहनत अर्ध्या तासाच्या घाईने वाया जाऊ शकते. काय बघायचं:

खड्ड्याच्या कडा चौकोनी आणि उभ्या कापल्या पाहिजेत. गोल, उतरत्या कडांच्या खड्ड्यात टाकलेलं मिश्रण काठाला पातळ राहतं आणि तिथूनच सुटतं. आतली सैल खडी, माती, पाणी सगळं काढून जागा कोरडी व्हायला हवी. मग तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात, ज्याला टॅक कोट म्हणतात. घाईत हाच वगळला जातो आणि मग नवं डांबर जुन्याला धरतच नाही. खोल खड्डा एका दमात भरायचा नाही, थर टाकायचा, दाबायचा, मग पुढचा थर. लहान जागी धुम्मस किंवा प्लेट कॉम्पॅक्टर, मोठ्या जागी रोलर. वरून गाड्यांनीच दाबलं जाईल, असं कुणी म्हणालं तर काम थांबवायला सांगा आणि अभियंत्यांना फोन लावा.

आमच्याकडे पहिल्या दिवशी कामगार ट्रॉलीतून मिश्रण फावड्याने थेट ओल्या खड्ड्यात टाकू लागले. मी मुकादमांना म्हटलं, "दादा, आधी आतलं पाणी तर काढा." ते म्हणाले, सांगितलंय तेवढंच करतो. त्यांच्यावर चिडण्यात अर्थ नव्हता. मी अभियंत्यांना व्हिडिओ पाठवला, ते वीस मिनिटांत आले, काम थांबलं आणि दुसऱ्या दिवशी कटर आणि कॉम्प्रेसर घेऊन पुन्हा सुरू झालं. कामगारांसाठी आम्ही चहा आणि पाणी ठेवलं होतं. दुपारी त्याच मुकादमांनी मला बोलावून टॅक कोट मारलेला तळ दाखवला.

डांबर टाकण्याआधी जाळी आणि चेंबर योग्य पातळीला आले आहेत ना, हे पाहा. नंतर ते करायचं म्हणजे नवा रस्ता पुन्हा फोडायचा.

९. खड्ड्यामुळे कुणाला इजा झाली असेल तर

हा भाग देव करो आणि कुणाला लागू न होवो, पण माहीत असावा. ऑक्टोबर २०२५ च्या त्याच आदेशात उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेच्या स्वरूपानुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवली. महापालिका क्षेत्रात आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती दाव्यावर निर्णय घेते. जबाबदार अधिकारी किंवा ठेकेदाराकडून ती रक्कम वसूल करायची, असंही आदेशात आहे.

दाव्यासाठी हे कागद लगेच जमवा: पोलिसांत दिलेली खबर किंवा स्टेशन डायरीची नोंद, दवाखान्याची कागदपत्रं आणि एक्स-रे, बिलं, दोन साक्षीदारांची नावं, आणि त्याच दिवशीचा खड्ड्याचा फोटो. शेवटचा सर्वांत महत्त्वाचा, कारण अपघातानंतर खड्डा कधी कधी एका रात्रीत बुजतो. डॉक्टरांना केसपेपरवर "रस्त्यावरील खड्ड्यात दुचाकी पडून" असं कारण लिहायला सांगा. काकूंच्या कागदावर नुसतं "पडून दुखापत" लिहिलेलं होतं, ते आमच्या लक्षात फार उशिरा आलं. दावा कसा लिहायचा हे कळत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात जा.

१०. रस्ता झाल्यावर

काम झालं त्याच दिवशी प्रत्येक नंबरच्या जागेचा फोटो घ्या, जुन्याच कोनातून. कार्यालयाकडून कामाचा तपशील आणि नव्या दोष दायित्वाची मुदत लेखी मागा, आणि ती तारीख सोसायटीच्या सूचना फलकावर लावा. सचिव बदलले तरी फलक राहतो. पहिल्या जोरदार पावसानंतर एक फेरी मारा. कडेला भेग दिसली तर तेव्हाच कळवा, भेग बुजवणं खड्डा बुजवण्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. आणि रस्त्यावर कुणी खोदायला आलं तर आधी परवानगीचा कागद बघायला मागा, त्याचा फोटो घ्या, चर बुजवण्याची तारीख वहीत लिहा.

आमच्या फलकावर सध्या ३१ मार्च २०२८ ही तारीख आहे. गेल्या पावसाळ्यात डेअरीसमोर पाणी साचलं नाही, ते जाळीतून खाली गेलं. आता आमची वही शेजारच्या गल्लीतल्या दोघांकडे आहे. त्यांनी पहिल्या रविवारी सोळा खड्डे मोजले.